ही हुमणी न्हवं

अक्का, आधी एक सांगून टाकते, म्हणजे तू मध्येच तोंड घालणार नाहीस. तुझं नाव मी लेखातून काढलेलं नाही. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, होतं तिथंच आहे. कॉलेजातले सर रागावलेत. रागावू देत.

परवा तुमच्या वस्तीतल्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, मग एकेक जण उठून बोलायला लागला. अक्का मनमिळाऊ होत्या. अक्कांनी कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. मनमिळाऊ? तू? अर्ध्या गावाला भर उन्हात उभं करून अळ्या बघायला लावणारी बाई मनमिळाऊ? माणूस गेलं की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून घडी घालून ठेवतात. मला तसली अक्का नको. मला माझ्याशी भांडलेली अक्का पाहिजे, कारण आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तुला आठवतंय का, पहिल्या भेटीतच तू मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतंस? आजऱ्याच्या रानात एका भुंगेऱ्याची अळी शोधत मी तीन वर्षं फिरत होते. भुंगेरा शास्त्राला माहीत होता. कुणी एका साहेबानं फार पूर्वी तो टाचणीला टोचून त्याला नाव दिलं होतं. पण त्याची अळी कशी असते, कुठं राहते, काय खाते, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. गंमत अशी की हा जीव जवळजवळ सगळं आयुष्य अळी म्हणूनच काढतो. पंख फुटल्यावर जगतो ते शेवटचे थोडे आठवडे. म्हणजे शास्त्रानं त्याचं फक्त म्हातारपण पाहिलं होतं. आणि अळीच ठाऊक नसेल तर ती कुठल्या झाडात आहे हे कुणाला कळणार, आणि ते झाड तोडू नका असं कुणाला कुठल्या तोंडानं सांगणार?

तर तुमच्या शाळेत मी मुलांना जंगलातल्या किड्यांची माहिती द्यायला आले होते. लॅपटॉपवर एका पांढऱ्या, वाकड्या अळीचं चित्र लावून मी ऐटीत म्हटलं, "मी शोधते आहे ती अळी साधारण अशी दिसत असावी." तू शाळेत खिचडी शिजवायचीस. हातात उलथनं घेऊन दारात उभी होतीस. तिथूनच ओरडलीस, "ओ पावणं, ती हुमणी हाय की! त्यात काय दावताय पोरास्नी? तुमी हुडकताय ती येगळी आसंल. तसली माझ्या वांग्यात हाय."

मुलं हसली. उसाची मुळं खाणारी हुमणी तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक. मला राग आला. तरी शाळा सुटल्यावर तुझ्यामागं तुझ्या परसात आले, कारण माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

राईतल्या जुन्या जांभळीच्या ढोलीतला कुजका भुसा तू वांग्यांना घालायचीस. त्या भुशातून तू एक अळी काढलीस आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवलीस. दिसायला हुबेहूब हुमणी. तेच पांढरं अंग, तेच विटकरी डोकं. मी म्हटलं, "ही पण हुमणीच दिसतेय." तू म्हणालीस, "दिसतीया. दम धरा की जरा." अळी उलटी झाली, पाय वर केले आणि पाठीवरून लाटा काढत, उताणीच, सरळ भिंतीकडं चालत गेली. "हुमणी अशी चालती व्हय? जलमभर नांगरामागनं हुमणी येचलीया मी. हजारानं येचलीया. एक बी अशी चालली न्हाय."

या कुळातल्या अळ्या उताण्या चालतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, अक्का. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण तीन वर्षं मी पांढरी अळी दिसली की उचलून बाटलीत टाकत होते, एकीलाही जमिनीवर सोडून पाहिलं नव्हतं. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "मग तीन वर्सं रानात काय करत होतासा?"

ही अळी त्याच भुंगेऱ्याची आहे हे सिद्ध करायचं तर ती पाळायची आणि तिच्यातून भुंगेरा बाहेर येईपर्यंत थांबायचं. दुसरा मार्ग नाही. मी कॉलेजात नेऊन काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणत होते. तू ऐकलं नाहीस. फुटक्या गळ्याचा माठ भिंतीच्या सावलीत मानेपर्यंत पुरलास, त्यात ढोलीतलाच भुसा भरलास, तिच्यासोबत आणखी अळ्या सोडल्यास आणि वर ओलं बारदान टाकलंस. मी दर महिन्याला कोल्हापूरहून एसटीनं यायचे, मोजमाप घ्यायचे आणि भुसा चाळून स्वच्छ करू म्हणायचे. त्यांच्या लेंड्या साचल्या होत्या त्यात. तू माझ्या हातातली चाळण काढून घेतलीस. "त्येंचं घर झाडू नगंस पोरी. तू कोल्हापुरात झाड तुझं." तोवर मी 'पावणं'वरून 'पोरी' झाले होते, आणि तू मला "अक्का म्हण, आन अरं-तुरं कर, न्हाईतर चा मिळायचा न्हाय" असं बजावलं होतंस.

मग तू बहिणीकडं नेसरीला गेलीस. चारच दिवस. शेजारच्या तुकादादांचा ऊस तुझ्या परसाला लागून. म्हातारा कडीपत्ता न्यायला आला, बारदान उचलून बघितलं आणि हादरला. माठात हुमणी! उसाला लागली तर काय घ्या! घरात उरलेलं औषध आणलं आणि शेजारधर्म म्हणून माठात ओतून टाकलं. तू परत आलीस तेव्हा तो कौतुकाची वाट बघत तुझ्या दारातच बसला होता. "अक्का, तुमच्या माठात हुमणी झालती. बरं झालं माझ्या ध्यानात आलं."

सगळ्या मेल्या. दीड वर्ष पोसलेल्या. फोनवर मी रडले आणि त्या माणसाला नाही नाही ते बोलले. उसाच्या मुलखात पांढरी अळी दिसली की माणूस विचार न करता पाय टाकतो, हे मला कळत होतं. माझ्या आजोळीही तेच करतात. तरी मी म्हटलं, उद्या येते आणि त्यांना दाखवते. तू एवढंच म्हणालीस, "काय दावणार? त्येची काय चूक? ही हुमणी न्हवं आसं कुठं लिवलंय का? हाय तुझ्याकडं कागूद?"

नव्हता, अक्का. कुणाहीकडं नव्हता. इतकी वर्षं मी अळीचं वर्णन, अळीचं वर्णन करत होते, पण ते कशासाठी हे मला त्या दिवशी तुझ्या तोंडून कळलं. जगात कुठंतरी छापलेलं असायला पाहिजे की ही ती नाही.

आणि कागद होईपर्यंत थांबेल ती तू कसली! तू पुन्हा ढोलीत हात घातलास, नव्या अळ्या आणल्यास, आणि बाजाराच्या दिवशी सोसायटीच्या खत दुकानासमोर बारदान अंथरून बसलीस. एका बाजूला हुमणी, एका बाजूला ही. खताला आलेल्या एकेका माणसाला अडवायचीस. "थांबा जरा. ह्यातली तुमची कुठली, सांगा." कुणी म्हणालं, अक्काचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, "आता हुमणी पाळाय लागलीस व्हय?" तू म्हणालीस, "पाळीन. माझी ही कुणाच्या उसाला जात न्हाय, कुणाचं घेत न्हाय. मेल्यालं लाकूड खाती, गुमान ऱ्हाती. तरी तुमी मारतासा, का, तर दिसती तशी. डोळं कशाला दिल्यात मग?" मी बाजूला वही घेऊन उभी होते आणि लाजेनं मेले होते, खोटं कशाला बोलू. शेवटी तुकादादाच पुढं आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. अळी उताणी होऊन चालायला लागली. "आयला, व्हय की," म्हणाले. त्यानंतर त्यांनीच पोरासोरांना सांगायला सुरुवात केली की उताणी चालली तर सोडायची.

दुसऱ्या खेपेला तू माठाला राखण बसल्यासारखी बसलीस. नेसरीला गेली नाहीस, कुठंच गेली नाहीस. दोन वर्षांनी, मी वर्गात बेडूक शिकवत असताना तुझा फोन आला. "आलाय. काळा हाय, उनात धरला की हिरवा दिसतोय. लगीच ये." मी खडू ठेवला आणि तशीच स्टँडवर गेले. तू त्याला परातीखाली झाकून ठेवलं होतंस. परात उचलली तेव्हा तो तुझ्या पदरावर चढला आणि तू हललीसुद्धा नाहीस.

वर्णन लिहायला अळी मारावी लागते. उकळत्या पाण्यात सोडायची, म्हणजे काळी पडत नाही, मग स्पिरिटमध्ये. हे सांगणं मी किती दिवस टाळलं! तू ऐकून घेतलंस. "एकच?" विचारलंस. मी म्हटलं, दोन लागतील. "एकच," म्हणालीस. चहाचं पातेलं चुलीवर ठेवलंस. अळी घेऊन मी चुलीपासून मागं सरकले, तेव्हा ती माझ्याकडून घेतलीस आणि स्वतः सोडलीस. त्यानंतर त्या पातेल्यात तू चहा केला नाहीस. मी दुसरी मागितली नाही. एका अळीवरच सगळं वर्णन केलं. सर म्हणाले, एक कमी पडते. पडू दे.

आणि आता ते, जे आपण नंतर कधीच बोललो नाही. लेख लिहायला घेतला तेव्हा मी तुझ्या ओसरीवर बसून मोठ्या कौतुकानं म्हटलं, "अक्का, तुझं नाव छापून येणार. शेवटी आभार असतात ना, त्यात." तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आभार मंडपवाल्याचं मानत्यात पोरी. आन लाऊडस्पीकरवाल्याचं." मग आत गेलीस, चहा केलास, कप माझ्यापुढं ठेवलास आणि नेहमीसारखी बसली नाहीस. परतीच्या एसटीत गडहिंग्लज मागं पडेपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत होते. शास्त्रात असं नसतं, हिला कळत नाही, वगैरे. कागलच्या आसपास कुठंतरी माझं मला कळलं की शास्त्रात असं नसतं म्हणजे काय. अळी ओळखली कुणी? पाळली कुणी? भुंगेरा बाहेर काढला कुणी? मी चौकटीची वही घेऊन उभी होते. घरी पोचल्यावर पहिलं काम केलं ते नावांचं. तुझं पहिलं, माझं दुसरं, आणि विभागप्रमुख म्हणून सरांचं तिसरं.

पण तुला सांगितलं नाही. चुकले म्हणायला जीभ वळली नाही. छापून आल्यावर तुझ्यापुढं ठेवीन, मग तुझं तोंड बघीन, असा माझा बेत. माझ्या या फुकटच्या ऐटीपायी तू ते न कळताच गेलीस. याचं मला वाईट वाटतं असं म्हणून भागणार नाही. मला माझा राग येतो, रोज येतो.

एक बरं केलं. तुला कोल्हापूरला दवाखान्यात आणल्यावर मी रोज दुपारी तासांनंतर यायचे आणि लेख वाचून दाखवायचे, इंग्रजीतून मराठी करत. नाकात नळी, तरी तुझा सूर तोच. "रंग पांढरा लिवलायस? धाकटी पांढरी. मोठी झाली की मागनं राखाडी दिसती, पोटातलं लाकूड दिसतंय आतलं." मी खोडलं, लिहिलं. "पाय निकामी? कुणी सांगिटलं? लाकडाचा तुकडा धरून खाती की ती पायानं. उताणी चालती म्हणून पाय वाया गेलं व्हय?" तेही खोडलं. चार चुका काढल्यास. चौथी कोषाच्या मातीबद्दल होती आणि ती सांगताना तुला दम लागला. नर्स मला बाहेर काढायला लागली तर तिलाच म्हणालीस, "थांब गं बाई, हिचं चुकतंय." ते तुझं शेवटचं वाक्य नव्हतं, पण मी ते शेवटचं धरून चालते.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी सरांनी मला बोलावलं. टेबलावर लेखाची प्रत, तुझ्या नावावर तांबडी रेघ. "मुल्ला मॅडम, पहिलं नाव शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं? लोक हसतील आपल्याला. आभारात घाला, चांगल्या दोन ओळी लिहा." मी म्हटलं, काम त्यांचं आहे. "लेखकानं मसुदा वाचून मान्य करावा लागतो. त्यांनी वाचला होता?" मी म्हटलं, "वाचून घेतला, सर. चार चुका काढल्या. तुम्ही एकही काढली नव्हती." ते लाल झाले. मग एकदम समजावणीच्या सुरात आले. "अहो, त्या वारल्या आता. त्यांना काय फरक पडतो?"

खरं आहे, तुला काही फरक पडत नाही. मला पडतो. ती अळी सांगताना मी तुझा दम खर्ची पडताना पाहिलाय.

शेवटी ते म्हणाले, "त्यांचं नाव राहणार असेल तर माझं काढा." त्यांना वाटलं, मी घाबरेन. मी तासिका तत्त्वावरची मास्तरीण, दर जूनला त्यांच्या सहीवर माझी भाकरी. घाबरलेच होते. पण हात पुढं गेला, त्यांचंच पेन उचललं आणि त्यांच्यासमोर त्यांचं नाव खोडलं. आता येत्या जूनला मला तास मिळणार नाहीत. न मिळोत. शिकवण्या घेईन. सरांना मात्र मी विसरले नाही हं. आभारात घातलंय. सूक्ष्मदर्शक वापरू दिल्याबद्दल.

विहारात तुझी सून सुजाता माझ्याजवळ आली. "ताई, आत्तींबद्दल तुमी बोला. समदी गोडगोडच बोलाल्यात." मी उठले. भाषण येत नाही मला. पिशवीतून लेख काढला आणि वर्णनच वाचायला लागले, मराठीतून. अळी विळ्यासारखी वाकलेली. डोकं विटकरी, जबडे काळे, डावा आणि उजवा सारखे नाहीत. लहानपणी रंग पांढरा, मोठेपणी मागच्या बाजूनं राखाडी, आतलं लाकूड दिसतं. पायांनी लाकडाचा तुकडा धरून खाते. बायका ऐकत होत्या. कुणी रडत नव्हतं. दाराजवळ चपलांपाशी तुकादादा बसले होते, त्यांना राहवलं नाही. "आन उताणी चालती त्ये?" मी म्हटलं, "येतंय दादा, पुढच्याच ओळीत." ती ओळ वाचली. मान डोलावून म्हणाले, "मग बराबर हाय."

काल दुपारी मंगळवार पेठेत, आमच्या माडीवर बसून लेख एका शास्त्रीय नियतकालिकाकडं पाठवून दिला. त्यांच्या फॉर्मवर पहिल्या लेखकाचं पद विचारलं होतं. मी लिहिलं, शाळेतील स्वयंपाकी. संस्था विचारली होती, तुझ्या वाडीचं नाव टाकलं. लेखक हयात आहे का, हा रकाना मात्र सोडून बाकीचे सगळे आधी भरले. अम्मी खालून जेवायला हाका मारत होती. शेवटी 'नाही' लिहिलं. ते नाकारतील कदाचित. मग दुसरीकडं पाठवीन. दुसऱ्यांनी नाकारला तर तिसरीकडं. नावांचा क्रम तोच राहील.

शास्त्राची एक रीत तुला सांगायची राहिली, अक्का. एखाद्या जिवाचं वर्णन पहिल्यांदा छापून आलं, की पुढं त्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या लेखाचा उल्लेख करावा लागतो. उल्लेख नावानं होत नाही, आडनावानं होतो, आणि पहिल्याचं आडनाव पहिलं. तुझ्या लहानपणी ज्या आडनावामुळं वरच्या आळीतल्या विहिरीवर तुझी घागर बाजूला ठेवायला लावायचे, ते मला तू एकदाच सांगितलं होतंस, तेही हसत. तर आता ऐक. उद्या जर्मनीतल्या नाहीतर जपानमधल्या कुठल्याही मोठ्या साहेबाला ही अळी हुमणी नव्हे एवढं जरी लिहायचं झालं, तरी त्याला आधी हात जोडून लिहावं लागेल: कांबळे.